वर्गात जात बोलायची का, आणि बोलायची तर कशी

एका शिक्षिकेचं पत्र आलंय, थोडक्यात असं आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या शाळेत मी नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. आरक्षणाची आंदोलनं सुरू झाल्यापासून वर्गात मराठा मुलं एकीकडे आणि ओबीसी मुलं दुसरीकडे अशी सरळ वाटणी झालीय, बेंचसुद्धा वाटून घेतलेत. एकमेकांच्या नेत्यांवर स्टेटसला वाट्टेल ते टाकतात. परवा मूलभूत कर्तव्यं शिकवत होते तर एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, बंधुभाव पुस्तकात ठीक आहे," आणि तिथूनच भांडण पेटलं. बौद्ध आणि मुस्लिम मुलं या सगळ्यात तोंडच उघडत नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात विषय काढू नका, सिलॅबस संपवा. काढू का नको? आणि काढला तर माझं आडनाव बघून मुलं मला आधीच एका बाजूला टाकून मोकळी झालीत, त्याचं काय करू?

ताई, विषय काढा. खरं सांगायचं तर तो आधीच निघालाय, वर्गात रोज बसलेलाच आहे, फक्त तुम्ही त्याच्यावर बोलत नाही आहात. तुम्ही गप्प बसल्यावर मुलं काही त्यावर विचार करायची थांबत नाहीत, ती रीलवरून शिकतात, चौकातल्या बॅनरवरून शिकतात, घरी जेवताना जे ऐकतात त्यावरून शिकतात, आणि यातल्या एकाही ठिकाणी समोरच्या बाजूचं माणूस हजर नसतं. दोन्ही बाजूंची मुलं एका छताखाली रोज सहा तास बसतात अशी तुमच्या गावातली जागा बहुतेक शाळाच उरलीय. ती वाया घालवू नका असं मला अगदी मनापासून वाटतं. पण उद्याच्या तासाला नका काढू. तुम्ही पत्रात लिहिलंय की सोमवारी सरळ आरक्षणावर चर्चा ठेवावी असं मनात आहे, तर तेवढं मात्र करू नका. त्याच्या आधी बरंच काम आहे, आणि त्यातलं पहिलं काम बोलण्याचं नाहीच आहे.

आधी वर्गातल्या रोजच्या सवयी बघा. हजेरी आडनावाने घेतली जाते का? आपल्याकडे मास्तर सर्रास "ए मुंडे", "ए जाधव" असंच हाकारतात, मुलंही एकमेकांना तसंच हाक मारतात, आणि आज तुमच्या भागात आडनाव म्हणजे थेट पक्षच झालाय. २०२५ला बीडला पोलिसांच्या टेबलावरच्या आणि छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त पहिलं नाव ठेवायला सांगितलं होतं ते तुम्हाला आठवत असेलच, पोलिसांना जे गरजेचं वाटलं ते वर्गात करायला कुणाची परवानगीही लागत नाही. पहिल्या नावाने हाक मारा, सगळ्यांना, अपवाद न करता. दुसरं म्हणजे शिष्यवृत्तीचे फॉर्म. "एससीवाले उभे राहा, एनटीवाले ऑफिसात जा" हे अजूनही कितीतरी शाळांत भर वर्गात चालतं आणि करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण उभं राहणाऱ्या पोराला चाळीस जणांच्या नजरा पाठीवर जाणवतात. तुमच्याकडे चालत असेल तर बंद करा, यादी घेऊन एकेकाला स्टाफरूममध्ये बोलवा. तिसरं बेंच. बेंचवरून भाषण नको, "तुम्ही जातीने बसता" असं म्हणायचंच नाही, दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून जागा बदलायच्या आणि विज्ञानाच्या सरांना सांगून प्रॅक्टिकलच्या जोड्याही तशाच पाडायच्या, त्या मात्र पूर्ण सत्र बदलायच्या नाहीत. एका आठवड्यात माणसं ओळखीची होत नाहीत, पण सत्रभर एकच टेस्ट ट्यूब धुवावी लागली की थोडीफार होतात.

महिनाभर एवढंच करा. मग बोलायला लागा, आणि तेही जातीवर नाही तर प्रत्येकाच्या स्वतःवर.

इथे एक गोष्ट मला जरा जोर देऊन सांगायचीय, कारण चांगले चांगले शिक्षक इथे घसरतात. "आपण सगळे सारखेच, जातबित विसरा, आपण फक्त माणूस" हे वाक्य वर्गात म्हणू नका. हेतू चांगला असतो मान्य, पण ज्या पोराच्या घरच्यांना गावात अजून पाणवठ्यावर किंवा स्मशानात वेगळी वागणूक मिळते त्याला हे ऐकून काय वाटत असेल? त्याला वाटतं की मॅडमना माहीतच नाहीये, किंवा माहीत असून बोलायचं नाहीये. आणि ज्या पोराला आपल्या समाजाचा अभिमान आहे त्याला वाटतं की मॅडम माझं काहीतरी काढून घेतायत. दोघंही मिटतात. संविधानानेसुद्धा सगळे सारखे व्हा असं कुठे म्हटलेलं नाही, उलट कलम २९ प्रमाणे आपली वेगळी भाषा, लिपी, संस्कृती जपायचा हक्क आहे, आणि रोज परिपाठाला मुलं जी प्रतिज्ञा म्हणतात त्यात विविधतेने नटलेल्या परंपरांचा अभिमान आहे असंच म्हणतात ना. वेगळेपण राहू द्या. फक्त पोराला हे दिसलं पाहिजे की मी एकच गोष्ट नाहीये.

त्यासाठी साधा उपक्रम सांगते. प्रत्येकाने कागदावर "मी कोण" याची आठ-दहा उत्तरं लिहायची. मी थोरली बहीण, मी कबड्डीत रेडर, मी सोयाबीनवाल्याची मुलगी, मी मामाकडे राहून शिकतो, मी ऊसतोडीला जाणाऱ्यांचा, माझं गणित कच्चं, मला ढोलकी येते. जात-धर्म लिहायची कुणावर सक्ती नाही आणि लिहू नका असंही नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. कागद तुमच्याकडे जमा, नावं न सांगता तुम्ही एकेक ओळ वाचायची आणि ज्याला ती लागू पडते त्याने हात वर करायचा. जातीच्या, धर्माच्या आणि घरातल्या दुखऱ्या गोष्टींच्या ओळी वाचायच्या नाहीत, त्या फक्त तुमच्या माहितीसाठी. तुमच्या भागातल्या वर्गात काय होईल याचा मला अंदाज आहे: "यंदा पावसाने आमचं पीक गेलं" या ओळीला दोन्हीकडचे हात वर जातील. "दिवाळीनंतर आई-बाप सहा महिने कारखान्यावर" यालाही जातील. त्यावर काही बोलू नका, "बघा बघा तुम्ही किती एकसारखे" असं तर बिलकुल नको. त्यांचे डोळे आहेत त्यांना, दिसेल.

आता चर्चेकडे येऊ. चर्चा सुरू करण्याआधी तुमच्या स्वतःच्या डोक्यात एक फरक पक्का हवा, की कुठला प्रश्न उघडा आहे आणि कुठला बंद. आरक्षण किती टक्के असावं, कुणाला असावं, आर्थिक निकष हवा का, मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी दाखला देताना जुन्या कुणबी नोंदी कशा तपासाव्यात, हे उघडे प्रश्न आहेत, शहाणी माणसं यावर दोन्ही बाजूंनी बोलतात, कोर्टातसुद्धा न्यायाधीशांचं एकमत होत नाही. १०३व्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाचा) निकाल २०२२ला लागला तो ३ विरुद्ध २ असाच लागला. पण "अमुक जातीची पोरं मुळात ढच असतात" किंवा "तमुक लोक इथले नाहीतच" हा चर्चेचा विषय नाहीये. शेजारी बसलेला मुलगा माणूस म्हणून बरोबरीचा आहे का नाही यावर मतदान होत नसतं, संविधानाच्या कलम १४, १५, १७ ने (समानता, भेदभावाला मनाई, अस्पृश्यताबंदी) ते दार बंद केलंय. हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर काय होतं, "सगळ्यांची मतं ऐकून घेऊया" म्हणता म्हणता एखाद्या पोराला स्वतःच्या तोंडावर स्वतःचा अपमान मत म्हणून ऐकावा लागतो आणि आपल्याला वाटतं वर्ग किती छान रंगला. जातीवरून शिवी आली तर ती चर्चा नाही, तो शिस्तीचा विषय, तिथेच थांबवायचं आणि आधी ज्याला शिवी लागली त्याच्याशी बोलायचं, शिवी देणाऱ्याचं नंतर बघू.

पहिली चर्चा आरक्षणावर नको असं म्हटलं ना, मग कशावर? माझ्याकडे एक फार आवडता प्रसंग आहे आणि तो तुमच्या सिलॅबसमध्येच बसतो. १७ ऑक्टोबर १९४९, संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चाललीय. एच. व्ही. कामत, हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेलेले म्हणजे आपल्या विदर्भाचा भाग ज्या प्रांतात होता तिथले, ते दुरुस्ती मांडतात की उद्देशिकेची सुरुवात "ईश्वराच्या नावाने" अशी व्हावी. आता बघा, सभागृहात बसलेल्यांतले बरेचसे स्वतः श्रद्धाळू. तरी विरोध होतो. कुणी म्हणतं श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलंय तर न मानणाऱ्याने काय करायचं. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणतात देव आणायचा तर देवी का नको, आम्ही शक्तीचे उपासक. हृदयनाथ कुंझरू म्हणतात की जी गोष्ट प्रत्येकाच्या अगदी आतली आहे तिच्यात बहुमताचं मत इतरांवर लादू नये. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष होते, ते कामतांना विनवतात की हे मताला टाकू नका. कामत ऐकत नाहीत. मतदान होतं, बाजूने ४१, विरोधात ६८. कामतांना इतकं लागलं की हा काळा दिवस आहे असं ते तिथेच म्हणाले. पण सभा सोडून गेले नाहीत, नोव्हेंबरात पुन्हा उभे राहून कलमांवर बोलतायतच. हे सगळं संविधान सभेच्या छापील कामकाजात आहे आणि ऑनलाइन फुकट वाचायला मिळतं. तुम्ही त्यातले पाच-सहा परिच्छेद सोप्या मराठीत करून घ्या, मुलांना भूमिका वाटून द्या, वाचून दाखवू द्या, आणि मग वर्गाचं मतदान घ्या. मला हा प्रसंग यासाठी आवडतो की विषय जिव्हाळ्याचा आहे पण तुमच्या वर्गातली मराठा-ओबीसी रेघ त्याला लागू पडत नाही, ती पार विस्कटते. बेंचच्या दोन्ही बाजूंचे काही जण कामतांकडे जातील, काही कुंझरूंकडे. आणि हरलेल्याने काय करायचं असतं हेही त्यातच आलंय.

आणि वादविवाद स्पर्धा नको, प्लीज. आपल्या शाळांना त्याची फार सवय आहे, अनुकूल-प्रतिकूल, घंटा, ढाल, टाळ्या. त्यातून वक्ते घडतात हे खरं, मलाही ते आवडतं, पण ज्या वर्गात आधीच दोन तट आहेत तिथे जिंकणं-हरणं आणलं की संपलं. त्याऐवजी आपल्या जुन्या शास्त्रार्थातली पद्धत घ्या, आधी पूर्वपक्ष. म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं, तो "हो, हेच म्हणायचंय मला" असं म्हणेपर्यंत, आणि तोवर स्वतःचं एक वाक्यही बोलायचं नाही. नववीच्या पोरांना हे पहिल्यांदा अजिबात जमत नाही, ती दुसऱ्याच वाक्याला "पण" म्हणतात. जमेल हळूहळू. कामतांच्या प्रसंगावर सराव करून घ्या, मग शाळेतले साधे विषय घ्या, मोबाइल आणू द्यावा का, गॅदरिंगला डीजे का लेझीम, मग तिसरी भाषा पहिलीपासून हवी का, त्यावर २०२५ला सरकारने एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये असे दोन जीआर काढले आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले, घराघरात बोलणं झालेलं असतं त्यामुळे पोरांना सांगण्यासारखं असतं. आरक्षण सगळ्यात शेवटी.

आणि आरक्षणाच्या तासाला आधी मत नाही, आधी फळ्यावर तारखा. मी हे कळकळीने सांगतेय कारण या वयाच्या मुलांना यातली माहिती खरंच नसते, त्यांच्याकडे फक्त राग असतो आणि तोही मोठ्यांकडून उसना आणलेला. २६ जुलै १९०२, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. त्या मागासांमध्ये तेव्हा मराठाही होते आणि आज ओबीसी म्हणवणाऱ्या जातीही होत्या, एकाच यादीत, हे तुमच्या वर्गातल्या दोन्ही बाजूंपैकी कितींना माहीत असेल? मग संविधानाचं कलम १६(४), म्हणजे सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण, मग १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेलं १५(४), म्हणजे मागासांसाठी शिक्षणासारख्या बाबतींत विशेष तरतुदी, आणि ते का आलं तेही. १९९०ला केंद्रात मंडल आयोगाप्रमाणे ओबीसींना २७ टक्के. १९९२ला सुप्रीम कोर्टाचा इंद्रा साहनी खटल्याचा निकाल आणि ५० टक्क्यांची मर्यादा. २०१८चा राज्याचा मराठा आरक्षणाचा कायदा, ५ मे २०२१ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, फेब्रुवारी २०२४ला पुन्हा नवा १० टक्क्यांचा कायदा, २ सप्टेंबर २०२५चा हैदराबाद गॅझेटचा जीआर, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा, आणि त्यावरून ओबीसी संघटनांची नाराजी. फळा भरला की विचारा, यातलं कुठलं तुम्हाला माहीत नव्हतं ते वहीत लिहा. मगच पूर्वपक्ष. मराठा मुलाने सांगायचं की ओबीसी मुलाला भीती कसली वाटते. ओबीसी मुलाने सांगायचं की दोन एकरवाल्या मराठा पोराला काय खुपतं. हे दोन्ही नीट मांडून झालं आणि तास संपला तरी चालेल, निर्णय लागायची काही गरज नाही. ज्यावर विधानसभेत आणि कोर्टात अजून भांडण चाललंय ते नववी ब ने पस्तीस मिनिटांत सोडवावं अशी अपेक्षा कशाला.

जी मुलं गप्प बसतात त्यांचं तुम्ही लिहिलंत हे वाचून मला बरं वाटलं, कारण बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही. त्यांना वर्गात उठवून "तू सांग तुझा अनुभव" असं कधीही म्हणू नका. एका पोराने सगळ्या बौद्धांचा किंवा सगळ्या मुसलमानांचा प्रतिनिधी व्हायचं हे ओझं फार वाईट असतं, शिवाय तो तास संपल्यावर तुम्ही स्टाफरूममध्ये जाता आणि तो त्याच पोरांबरोबर सायकलवर घरी जातो. लिहायला द्या. प्रत्येक चर्चेआधी पाच मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, नाव घालायचं का नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, तुम्ही वाचायचं. बोलणाऱ्यापेक्षा लिहिणारे जास्त सांगतात. आणि इतिहासाच्या तासाला त्यांची माणसं आपोआप येऊ द्या, "विशेष" म्हणून नकोत. संत शिकवताना चोखामेळा येतोच, श्रीगोंद्याचे शेख महंमदही येऊ द्या, मुसलमान घरात जन्मलेले, मराठीत लिहिणारे संतकवी. नामदेव फक्त पंढरपूरचे नाहीत, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत हेही सांगा. माझीच ओळख कितीजणांकडून येऊन बनलीय हे पोरांना अशातून जास्त कळतं.

आता तुमचं आडनाव. ते लपत नाही आणि लपवायचंही नाही. मुलं विचारणारच, मॅडम तुम्ही कुणाच्या बाजूने? जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख नावाच्या गावी राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांची बैठक झाली होती, देशाने हिटलर पाहिलेला होता आणि शाळांनी पोरांच्या डोक्यात काय भरलं होतं हेही, तर त्या बैठकीतून जी तत्त्वं पुढे आली ती तिथे आजही धरली जातात: शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यावर लादायचं नाही, समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच दाखवायचं, आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती पारखून काहीतरी करता आलं पाहिजे. मला यातलं दुसरं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही मुलांना सरळ सांगा, "माझं मत आहे, पण तुमचे मार्क माझ्या हातात आहेत म्हणून मी ते आत्ता सांगणार नाही, दहावी पास होऊन या मग चहा पिताना सांगेन." मुलांना हे पटतं. आणि उघड्या प्रश्नावर हे असं, पण बंद प्रश्नावर तुमचं मत लपवायचं नाही हं. तिथे ठणकावून सांगायचं.

मुख्याध्यापकांना अंधारात ठेवून काहीच करू नका. त्यांची भीती खोटी नाहीये, उद्या कुणी व्हिडिओ कापून व्हायरल केला तर निस्तरायला तेच लागतात. त्यांच्यासमोर कागद ठेवा: उद्देशिका, कलम ५१क मधलं धर्म-भाषा-प्रदेशाच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवण्याचं कर्तव्य, हे पुस्तकात आहे आणि मी तेच शिकवतेय, तासांची तारीखवार टाचणं ही अशी. २०२०च्या २६ जानेवारीपासून शाळांत उद्देशिकेचं वाचन सरकारनेच सुरू केलंय, त्याचीही आठवण द्या. तुमच्याच विभागात, बीड जिल्ह्यात, २००९ला जिल्हा परिषदेच्या शाळांत मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला तो याच संविधानातल्या मूल्यांवर होता, जोडीत बोलणं, गटात बोलणं, तेव्हा हे काही परकं खूळ नाही. आरक्षणाच्या तासाला त्यांनाच मागे बसायला बोलवा.

आणि पालकाचा फोन आलाच, "आमच्या पोराला जातीचं काय शिकवता" म्हणून, तर फोनवर वाद घालू नका. शाळेत बोलवा, पोराची वही त्यांच्या हातात द्या, फळ्यावर लिहिलेल्या तारखा त्यात असतील, समोरच्या बाजूचं म्हणणं त्यांच्याच पोराच्या अक्षरात असेल, ते त्यांना बसून पूर्ण वाचू द्या, चहा मागवा, आणि वाचून झाल्यावर यातलं काय चुकीचं आहे ते विचारा. जे चुकीचं दाखवतील ते खरंच चुकीचं असेल तर दुसऱ्या दिवशी वर्गात दुरुस्त करा, त्या पालकांचं नाव न घेता.